बाटलीत रंग दिसत नाहीत? आधी मीठ शोध

पाण्यातल्या प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचा रंगीत चमकणारा स्फटिक बनवायला घेतलास, त्या बाटलीचा तू टाकलेला फोटो पाहिला. नुसतं दूध! घाबरू नकोस, पहिलं सँपल सगळ्यांचं असंच निघतं.

तुझे पॉलिस्टायरीनचे (म्हणजे त्या प्लास्टिकचे) कण ऋणभारित आहेत, एकमेकांना ढकलतात. पुरेशी दाटी झाली की आपोआप रांगा लावून बसतात, तोच स्फटिक, आणि रंग दिसतात ते या रांगांमुळेच. पण पाण्यात मिठाचे आयन शिरले की या भारावर पडदा पडतो. अगदी शुद्ध पाण्यात हे ढकलणं जवळपास १ मायक्रॉनपर्यंत पोचतं, १ मिलिमोलर, म्हणजे अगदी विरळ, मिठाच्या पाण्यात जेमतेम १० नॅनोमीटर. म्हणजे चिमूटही खूप झाली.

बडोद्यात शिकत होतो तेव्हा मी फतेहगंजातल्या खोलीवर बाटल्या नळाच्या पाण्यानं विसळायचो आणि महिनाभर कणांनाच शिव्या घालत बसलो होतो! तेव्हा सध्या एवढंच कर:

- मिक्स्ड-बेड रेझिन (पाण्यातले आयन शोषून घेणारे मणी) आधी नीट धुऊन घे, मगच सँपलमध्ये टाक.
- बाटली प्लास्टिकची घे. काचेतून सोडियम झिरपतो. आणि गळ्यापर्यंत भर, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की पुन्हा आयन आलेच.
- कण एकाच मापाचे हवेत. दोन बाटल्यांतलं उरलंसुरलं एकत्र करू नकोस.

मग हात बांधून बस. दर तासाला हलवून बघायची खोड सगळ्यांना असते, तिनं नुकत्या लागलेल्या रांगा मोडतात. काही दिवसांनी बाटली उजेडात तिरकी धर, कडेला बारीक हिरव्या-तांबड्या टिकल्या चमकतील.

झेटा पोटेन्शियल (कणांवरच्या भाराचा अंदाज देणारं माप) वगैरे नंतर. टिकल्या दिसल्या की फोटो टाक.