कुपवाडच्या फाउंड्रीला 'संचालक मंडळाची देखरेख' या रकान्यात काय लिहायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: कास्टिंग घेणाऱ्या मोठ्या कंपनीने वीज, पाणी, कचरा आणि कार्बनचे आकडे मागितलेत, शिवाय 'मंडळ यावर कसं लक्ष ठेवतं' असंही विचारलंय. घरच्याच चार संचालकांच्या कंपनीने काय लिहायचं?

ही मागणी वरून आलेली आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीचा बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा झाला, म्हणून त्या पुरवठादारांनाही विचारतात. तुमच्यावर ते बंधन नाही, स्वतंत्र संचालकाचंही नाही. त्यामुळेच आकडा तपासणारं दुसरं कुणी नसतं, आणि घोळ तिथेच होतो. फॉर्म 4 म्हणजे घातक कचऱ्याचा वार्षिक परतावा 30 जूनपर्यंत एक जण भरतो, फॉर्म 5 म्हणजे पर्यावरण विवरण 30 सप्टेंबरपर्यंत सल्लागार भरतो, तेही मागच्या वर्षीचं बघून. एकात वापरलेलं तेल 400 लिटर, दुसऱ्यात 250. दोन्हींवर मालकाची सही! ग्राहकाचा ऑडिटर हे दोन कागद शेजारी ठेवून पाहतो.

माझा आग्रह एकच: ज्याचा बोनस टनेजवर ठरतो, त्याच्याकडे आकडे भरायचं काम देऊ नका. रीडिंग शिफ्टच्या सुपरवायझरने घ्यावं, बिलाशी मेळ अकाउंट्सने घालावा, सही उत्पादन न पाहणाऱ्या संचालकाने करावी.

त्या संचालकाला ताळा घेता आला पाहिजे. इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड वितळवायला टनाला साधारण 600 युनिट लागतात. महिन्यात 150 टन वितळवलं तर 90,000 युनिट भट्टीनेच खाल्ली. सबमीटर याच्या निम्मंच दाखवत असेल तर बहुतेक सीटीचा (मीटरला करंट कमी करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) गुणक लावायचा राहिलाय किंवा चुकीचा लावलाय. युनिट प्रति टन भलतंच जास्त आलं, तर भागताना पाठवलेल्या मालाचं वजन धरलंय का पाहा. रनर, रायझर (साच्यात कास्टिंगला जोडून राहणारं जादा लोखंड) आणि रिजेक्शन म्हणजे नापास मालही वितळवावा लागतोच. कार्बनसाठी ग्रिडच्या युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड आणि डिझेलच्या लिटरला 2.68 किलो धरा. उदाहरणार्थ, 1,20,000 युनिटचे झाले 84 टन. छतावर सोलर असेल तर नेट मीटरिंगच्या बिलात ते आधीच वजा झालेलं असतं. ते पुन्हा वजा करू नका, ही चूक फार होते.

साच्यांची टाकाऊ वाळू ट्रॉलीवर मोजू नका, काट्याची पावती ठेवा. पाण्यात एमआयडीसीच्या बिलासोबत बोअर आणि टँकरही धरा.

हे सगळं एका पानावर दर तीन महिन्यांनी बैठकीत ठेवा आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहा. मग रकान्यात सही कोणाची, बैठक कधी झाली, निर्णय काय झाला, एवढं लिहिलं तरी पुरतं. 'मंडळ पर्यावरणाबाबत कटिबद्ध आहे' असं वाक्य टाकू नका. पाण्याचा मीटर दोन महिने बंद होता, तर त्या महिन्यांचा आकडा अंदाजाने धरलाय आणि तो कसा काढला, हे स्पष्ट लिहा.