गाडी सोडली म्हणजे पळ काढला का?

"मॅडम, मी पळून आले का हो?" माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिनं विचारलं.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बीएएमएस झालेली, पस्तिशीची. सहा वर्षं १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर. महाराष्ट्रात २०१४ साली ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून गाडीवर डॉक्टर असतो आणि चालकाला 'पायलट' म्हणतात. घाटातले अपघात, अडलेल्या बाळंतिणी, विष प्यायलेली माणसं, सगळं तिच्या हातांनी हाताळलेलं. ती गाडी सोडून आता चार महिने ती एएनएमच्या (सहायक परिचारिकेच्या अभ्यासक्रमाच्या) मुलींना प्रथमोपचार शिकवत होती. सासरे म्हणायचे, डॉक्टरकी सोडून मास्तरीण झालीस. ते तिनं मनावर घेतलं नव्हतं. पण आदल्या आठवड्यात ती तास अर्धवट सोडून वर्गाबाहेर पडली होती.

हा प्रश्न मला नवा नाही. कॅज्युअल्टीतल्या सिस्टर विचारतात, आयसीयूतले डॉक्टर विचारतात. धावपळीचं काम सोडून खडू हातात घेतला की मन म्हणतं, तुला झेपलं नाही. मी लगेच 'नाही हो, असं काही नाही' म्हणत नाही. ते दोन मिनिटं पुरतं, रात्री पुरत नाही. मी विचारलं, "त्या तासाला काय शिकवत होतात?"

"सर्पदंश."

मण्यारीची केस होती. पावसाळ्यातली रात्र, जमिनीवर अंथरुणात झोपलेला नऊ वर्षांचा मुलगा. मण्यारीचे दात बारीक, दंशाला सूज नाही, वेदनाही फारशी नाही. पहाटे पोट दुखायला लागलं तेव्हा घरच्यांना अपचन वाटलं, ओवा दिला. मग पापण्या मिटायला लागल्या, तर म्हणाले, झोप आलीय. कॉल आला तेव्हा पोराला थुंकी गिळता येत नव्हती. गाडीत ती पूर्ण वाटभर हातानं दाबायच्या बॅगनं श्वास देत राहिली. मोठं हॉस्पिटल यायच्या आत संपलं.

वर्गात ही गोष्ट तिनं निम्मी सांगितली आणि मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग वाचला ना तो?" तिथे घसा बंद झाला.

सहा वर्षांत ती ही गोष्ट कुणालाच पूर्ण बोलली नव्हती. एक केस संपली की दुसरा कॉल. बोलायला वेळ कुठे होता? वर्गात पहिल्यांदा शांतता मिळाली आणि आत दाबलेलं वर आलं. शिकवण्यानं तिला त्रास दिला नव्हता, शिकवण्यानं तो दिसला.

पुढच्या भेटींमध्ये तिनं ती रात्र माझ्यासमोर पुन्हा पुन्हा सांगितली, कॉल येण्यापासून आईच्या हातात चप्पल परत देईपर्यंत. पाय जमिनीवर टेकलेले, धाप लागली की थांबायचं. (हे घरी एकट्यानं करत बसू नका.) चौथ्या वेळी ती स्वतःच म्हणाली, "मी पोचले तेव्हा उशीर झालेला होता. तो उशीर अंथरुणापाशी झाला." आणि मग हळूच, "म्हणूनच सोडली मी गाडी. आता आठवलं."

मला वाटतं, अशा बदलाचा खरा प्रश्न धाडसाचा नसतोच. आपण कशापासून निघालो आणि कशाकडे निघालो, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. ती थकली होती, हे खरं. दंशानंतरच्या पहिल्या काही तासांपाशी कुणीतरी उभं राहायला हवं, हेही तिला तितकंच मनापासून वाटत होतं.

मात्र एक गोष्ट मी स्पष्ट सांगते. महिना उलटूनही तीच दृश्यं झोपेत येत असतील, सायरन ऐकून अंगाला घाम फुटत असेल, तर नोकरी बदलल्यानं ते आपोआप जाणार नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तिनं तो पाठ पुन्हा घेतला. मुलाची गोष्ट यावेळी दोन वाक्यांत. बाकी तासभर मुलींना समोरासमोर बसवलं. "मैत्रिणीला मान न हलवता वर बघायला सांगा. पापणी पूर्ण उचलते का? आता विचारा, रात्री जमिनीवर झोपली होतीस का, पोटात दुखतंय का, गिळताना अडतंय का." दंशाच्या वर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, हातपाय हलू न देता प्रतिविष मिळेल तिथे न्यायचं, हे मुलींकडून वदवून घेतलं. मागच्या बाकावरच्या मुलीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. "नाही वाचला," ती म्हणाली, आणि पुढे शिकवत राहिली.

मला वाटलं, आता भेटी थांबवता येतील. तसं म्हणाले, तर ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"पुढच्या आठवड्यात प्रसूतीचा पाठ आहे, मॅडम. गाडीतल्या एका बाळंतपणाचं तुम्हाला अजून सांगितलेलं नाही."

मी वही पुन्हा उघडली.