पपई, ग्रहण आणि 'माझंच काही चुकलं का?'

'जन्मताच डॉक्टर म्हणाले, मुलगी. आता पंधराव्या वर्षी ती म्हणते, मी मुलगा आहे. गरोदरपणी माझंच काही चुकलं का?' म्युनिकहून आलेल्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडले. तुमच्यावर नाही हो, त्या 'माझंच'वर.

आमच्या वेंगुर्ल्याच्या आजीला पाच मुली. दर बाळंतपणानंतर पणजी तिच्याशी महिनाभर अबोला धरायची आणि आजोबा ओटीवर पान चघळत बसायचे. खरं तर आईकडून बाळाला एक्स गुणसूत्रच मिळतं. दुसरं एक्स की वाय, ते बापाच्या शुक्राणूवर. वायवरच्या ज्या जनुकामुळे वृषणं घडायला लागतात, ते एसआरवाय १९९० साली सापडलं. आजी तोवर गेली होती.

सहाव्या आठवड्यापर्यंत सगळ्या गर्भांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. जन्मल्यावर डॉक्टर बाहेरचे अवयव बघतात आणि दाखल्यावर लिहितात, बस्स. काही बाळांचे अवयव आणि गुणसूत्रं जुळत नाहीत, त्यांच्या तपासण्या होतात. तो प्रकार वेगळा, तुमच्याकडे तसं काही नव्हतं. पण आपण कोण, हे मूल मोठं होऊन सांगतं. सुईणीला ते कसं दिसणार? असं वाटण्यामागचं एकच एक कारण कुणाला सापडलेलं नाही. तुम्ही पपई खाल्लीत किंवा ग्रहणात विळी धरलीत म्हणून तर नक्कीच नाही! आपल्या सुप्रीम कोर्टानंही २०१४ साली म्हटलंय, ही ओळख ज्याची त्यानं ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको.

तुमचे सासरे म्हणतात, 'दशावतारात बघितलंय हे सगळं.' अहो, दशावतारी नाटकातला स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा पुरुष, पहाटे लुगडं सोडून घरी जातो. तुमचं लेकरू पंधरा वर्षं पार्ट करत होतं.

ओसीआय कार्डावरच्या, म्हणजे परदेशस्थ भारतीयाच्या कार्डावरच्या, नावाचं भारतीय वाणिज्य दूतावासात विचारा. चतुर्थीला कुडाळला जायचं का? जा की, तिकिटं वेळेत काढा.

शेवटी हळूच लिहिलंय, 'लेकरानं घरात मराठी बोलणंच सोडलंय.' पत्रभर तुम्ही 'ती', 'ती' करताय, मग दुसरं काय होणार? 'मी आले' की 'मी आलो' हे ठरवल्याशिवाय मराठीत दारातून आतही येता येत नाही. जर्मनमध्ये ही पंचाईत नाही. तुमचं 'ती' सुटेपर्यंत लेकराला आजोबांशी फोनवर मालवणी बोलू दे. 'मी येतंय' तिथे बायाही म्हणतात, बापयेही.