न्यूझीलंडची पहिली संसद १८५४ मध्ये भरली, म्हणजे त्याच वर्षी तिथे जबाबदार सरकार आले का?

नाही, १८५४ मध्ये संसद भरली, पण संसदेला उत्तरदायी असलेले मंत्रिमंडळ १८५६ मध्येच आले. कारण १८५२ च्या संविधान कायद्याने निवडून आलेले सभागृह दिले, मात्र कार्यकारी अधिकार सभागृहाकडे सोपवण्याविषयी तो मौन होता. २४ मे १८५४ रोजी ऑकलंडला अधिवेशन सुरू झाले तेव्हा गव्हर्नर जॉर्ज ग्रे वसाहत सोडून गेले होते आणि हंगामी प्रशासक विन्यार्ड यांनी जेम्स फिट्झजेराल्ड आदी सदस्यांना कार्यकारी परिषदेत घेतले खरे, परंतु जुन्या नियुक्त अधिकाऱ्यांना हटवले नाही. त्यामुळे फिट्झजेराल्ड यांनी ऑगस्टच्या आरंभी राजीनामा दिला. त्यानंतरचे फोर्सेथ यांचे मंत्रिमंडळ तर जेमतेम दोन दिवस टिकले, आणि त्या वर्षाची गोंधळलेली अवस्था यातूनच सर्वांत स्पष्ट दिसते, असे मला वाटते. १८५६ मध्ये हेन्री सेवेल पहिले जबाबदार सरकारप्रमुख झाले. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: मताधिकार वैयक्तिक मालमत्तेवर आधारलेला असल्याने, सामूहिक मालकीची जमीन असलेले बहुसंख्य माओरी (तिथले मूळनिवासी) पुरुष या ‘प्रातिनिधिक’ व्यवस्थेबाहेरच राहिले, आणि स्त्रियांना तर मतच नव्हते.