टीव्हीत टक् टक् येते, तं केस कोणावर करू?

सिंदेवाही तालुक्यातल्या एका भाऊंनी लांबलचक लिहून पाठवलंय, त्यातलं कामाचं एवढंच. मागच्या दसऱ्याला नागपूरच्या दुकानातून ४३ इंची टीव्ही घेतला, सोबत होम थिएटर. या पावसाळ्यात घरामागच्या वावरात चुलतभावानं डुकरांसाठी सोलरचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारं) लावलं आणि तेव्हापासून अंधार पडला की स्पीकरमधून टक् टक् टक् सुरू, सेकंदाला एक ठोका, बाबांच्या रेडिओवर तं बातम्याही समजत नाहीत. दुकानदार फोनवर म्हणते तुमच्या शेतातल्या करंटमुळं होते, वॉरंटीत बसत नाही. चुलतभाऊ म्हणते मशीन बंद केलं तं धान डुकरं खाऊन जातील, मंग तू भरून देशील का. यांनी रागात ठाण्यात अर्ज देऊन टाकला, आणि आता विचारतात केस दुकानदारावर करू का भावावर, का दोघांवरही.

भाऊ, दोघांवर एकदम तं बिलकुल नका करू. ठाण्यातल्या अर्जात तुम्ही सहीनिशी लिहिलंय की टीव्ही चांगला चालत होता, मशीनमुळं आवाज बिघडला. उद्या ग्राहक आयोगात तुम्ही म्हणाल टीव्हीतच दोष आहे, तं दुकानदाराचा वकील फक्त तोच अर्ज समोर ठेवल, त्याला दुसरं काही बोलायची गरजच नाही. आणि दिवाणी कोर्टात भावाचा वकील तुमची ग्राहक तक्रार दाखवून विचारल की साहेब, दोष टीव्हीतच आहे असं हेच लिहून देतात ना? तुमचाच कागद दोन्हीकडं तुमच्याच विरोधात. म्हणून आधी आवाज कुठून येते ते ठरवा, त्याला वकील लागत नाही, सेलवरचा रेडिओ लागते.

रेडिओ मीडियम वेव्हवर लावा, आपल्याकडं नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर लागते. रात्री टक् टक् चालू असताना घरचा मेन स्विच पाडा. ठोके तरी येतात? मंग ते तुमच्या घरातल्या बल्ब-चार्जरचे नाहीत. आता रेडिओ घेऊन आपल्या बाजूच्या धुऱ्यानं चालत जा (तारेला हात लावू नका, आणि पोट्ट्यांना सोबत नेऊ नका), जिथं ठोका एकदम जोरात येते तिथं बहुतेक तार ओल्या गवताला टेकलेली राहते नाहीतर इन्सुलेटर तडकलेला. मशीन हजारो व्होल्टचा बारीकसा झटका सोडते, तो तारेतून नीट गेला तं फारसा त्रास नाही, पण जिथं ठिणगी उडते तिथून रेडिओचा गोंगाट पसरते, आणि दव पडल्यावर ठिणगी वाढते, संध्याकाळी जास्त होते ते म्हणूनच. डिशचा सिग्नल डिजिटल आहे, त्यात गडबड झाली तं चित्राचे चौकोन होतात नाहीतर आवाज तुटते, असा टक् टक् येत नाही. तुम्ही लिहिता चित्र एकदम साफ आहे, म्हणजे आवाज डिशच्या सेट-टॉप बॉक्सच्या पुढं कुठंतरी शिरते, बहुतेक होम थिएटरच्या लांब वायरीतून, ती वायर अँटेनासारखी पकडते. वायर काढून टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐका. शेवटी टीव्ही आणि होम थिएटर दोन्ही एक-दोन दिवस सासरी का बहिणीकडं नेऊन लावा. तिथं चूप, म्हणजे टीव्ही चांगला. तिथंही टक् टक्, म्हणजे दुकानदार.

दुकानदार निघाला तं तुमची बाजू चांगली आहे. बिलावर खाली "न्यायक्षेत्र नागपूर" छापलं असल, घाबरू नका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे चंद्रपूरलाच, तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असली तं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. फक्त एक गोष्ट लोक विसरतात, दोष तपासल्याशिवाय समजत नसल तं आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकते, पण त्याची फी आधी तक्रारदारालाच भरायला लावतात. म्हणून आजच स्पीड पोस्टानं लिहा की मेकॅनिक पाठवा आणि तपासणीचा जॉब कार्ड सहीनिशी द्या. "शेतातला करंट" हे फोनवर बोलणं सोपं आहे, कागदावर लिहायला सांगा. लिहून दिलं तं भावाकडं दाखवायला तुमच्या हातात कागद आला, नाही दिलं तं वॉरंटीतल्या वस्तूची दखलच घेतली नाही असं म्हणता येते. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, बरेच दुकानदार तेवढ्यावरच सरळ होतात. आणि टीव्हीच्या मागच्या पट्टीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षरानं सुरू होणारा नंबर आहे का पाहा, ३२ इंच आणि वरच्या टीव्हीला ते रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे. नसल तं तक्रारीत तोच पहिला मुद्दा करा.

डायलॉग दबून येतात आणि म्युझिक ढणढण, असंही लिहिलंय तुम्ही. तो दोष म्हणून चालणार नाही, पातळ टीव्हीचे स्पीकर छोटे आणि खाली नाहीतर मागं तोंड करून असतात, सेटिंगमध्ये सराउंड बंद करून पाहा.

आता चुलतभाऊ. झटका मशीन लावणं गुन्हा नाही, जंगलालगतच्या गावांत सोलर कुंपणाला सरकारच अनुदान देते. थेट लाइनचा करंट तारेत सोडला असता तं गोष्ट वेगळी होती, ती वीजचोरी, आणि माणूस मेला तं सदोष मनुष्यवधापर्यंत जाते. पण सेकंदाला एक ठोका म्हणजे मशीनच, थेट लाइन अशी थांबून थांबून येत नाही. सार्वजनिक उपद्रवाचं कलमही एका घराच्या टीव्हीसाठी ओढून-ताणूनच बसल. राहिला दिवाणी दावा, खासगी उपद्रवाचा, म्हणजे शेजाऱ्यामुळं आपल्या घराच्या वापरात अडथळा येते असा. इंग्लंडमध्ये १९६५ साली ब्रिडलिंग्टनच्या एका प्रकरणात विजेच्या लाइनमुळं टीव्हीचं प्रसारण खराब होते म्हणून दावा आला होता, कोर्टानं तो मानला नाही, करमणुकीतल्या अडथळ्याला उपद्रव म्हणायला ते तयार नव्हतं. कॅनडातल्या ओंटारिओच्या कोर्टानं १९७८ मध्ये उलट सांगितलं, टीव्ही पाहणं हा घराच्या रोजच्या वापराचाच भाग आहे म्हणून. आपल्या कोर्टावर दोन्ही बंधनकारक नाहीत. माझं मत विचाराल तं कॅनडावाल्यांचं बरोबर आहे, पण ते पटवायला तालुक्याच्या कोर्टात किती वर्षं तारखा घेणार, आणि तेही टीव्हीसाठी, ज्या धुऱ्यावर दोघांचीही वावरं आहेत तिथं?

त्यापेक्षा तंटामुक्ती समितीसमोर बसा आणि मशीन बंद कर असं मागूच नका, तो ऐकणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे. मागायचं ते एवढंच, तारेखालचं गवत दर पंधरा दिवसांनी कापायचं, तडकलेले इन्सुलेटर बदलायचे, सैल जोड कसायचे, आणि मशीनचा अर्थिंगचा रॉड तुमच्या घराच्या अर्थिंगपासून कमीत कमी १० मीटर दूर गाडायचा, हे अंतर अशा मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. तुम्ही लिहिता त्याचा रॉड तुमच्या न्हाणीच्या भिंतीला लागून आहे, मला तं अर्धं दुखणं तिथंच वाटते. खर्च दोघांत वाटा, डुकरं तुमच्याही बांधीत येत नाहीत ना त्या तारेमुळं. ठरलं ते लिहून दोघांच्या आणि समितीच्या सह्या घ्या. नाही पाळलं तं मंग दाव्याचं बोलू, तेव्हा तोच कागद कामी येईल.

ठाण्यातला अर्ज मात्र तसाच ठेवू नका. जबाबाला बोलावलं की सांगा, आवाजाचं कारण अजून तपासायचं आहे, मशीनमुळं असा माझा अंदाज होता, आणि तसं लेखी देऊन पोच घ्या. रेडिओचा व्हिडिओ काढला असल तं ज्या मोबाइलमध्ये काढला त्यातच राहू द्या, व्हॉट्सॲपवर फिरलेली कॉपी कोर्टात अडचणीची होते. आणि बिलावरची तारीख पाहा, दसऱ्याला घेतलाय म्हणजे एक वर्षाची वॉरंटी संपतच आली असल, दुकानदाराचं पत्र त्याआधी पोस्टात पडलं पाह्यजे.