शब्दशंका : पिधान

प्रश्न : आकाशदर्शनावरील एका टिपणात ‘चंद्र आणि ज्येष्ठा यांची पिधान युती’ असा उल्लेख वाचला. ‘परिधान’ हा शब्द परिचयाचा आहे, ‘पिधान’ मात्र नाही. ही छपाईतील चूक असावी का? आणि चंद्राने तारा झाकला असेल, तर त्याला सरळ ‘ग्रहण’ का म्हणू नये?

उत्तर : छपाई बिनचूक आहे. ‘परिधान’ आणि ‘पिधान’ हे दोन निराळे शब्द असले, तरी दोहोंचा धातू एकच, ‘धा’ म्हणजे ठेवणे. भोवती ठेवायचे ते परिधान. वर ठेवून झाकायचे ते पिधान. या दुसऱ्या शब्दाचे मूळ रूप ‘अपिधान’ असे आहे. त्यातील ‘अपि’चा अर्थ येथे ‘सुद्धा’ असा नसून ‘वर’ असा आहे, आणि त्याचा आद्य ‘अ’ विकल्पाने गळतो. ‘अव’ आणि ‘अपि’ या उपसर्गांतील अकाराचा असा लोप भागुरी या प्राचीन वैयाकरणाला मान्य होता, असे सांगणारी कारिका व्याकरणात प्रसिद्ध आहे. ‘अवगाहन’ आणि ‘वगाहन’ ही जोडीही तशीच झालेली आहे. हा ‘अ’ नकारार्थी नाही, हे मात्र अवश्य लक्षात ठेवावे. अपिधान आणि पिधान यांचा अर्थ अगदी एकच आहे.

प्रकाशाशी या शब्दाचे नाते फार जुने आहे. ‘हिरण्मयेन पात्रेण सत्यस्यापिहितं मुखम्’ या ईशोपनिषदातील ओळीत सत्याचे मुख सोनेरी पात्राने झाकलेले आहे, आणि ते झाकण दूर करण्याची प्रार्थना पूषन् या सूर्यदेवतेला केली आहे. तेथील ‘अपिहित’ म्हणजे जिचे पिधान झाले आहे अशी वस्तू. अमरकोशातील जागा तर मला विशेष बोलकी वाटते. ढगांनी झाकोळलेल्या दिवसाला ‘दुर्दिन’ म्हणतात असे सांगून झाल्यावर लगेच अपिधान, तिरोधान, पिधान, आच्छादन हे शब्द येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ चंद्राची नावे सुरू होतात.

आता ग्रहणाविषयी. ‘ग्रहण’ म्हणजे पकडणे. या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या घटना घालतो. सूर्यसिद्धांतात हा भेद स्वच्छ सांगितला आहे : सूर्याच्या खाली आलेला चंद्र ढगाप्रमाणे त्याला झाकतो, तर चंद्र स्वतः पृथ्वीच्या छायेत शिरतो. म्हणजे काटेकोरपणे पाहता सूर्यग्रहण हे पिधानच आहे, चंद्रग्रहण तसे नाही. पण रूढी बलवत्तर असल्यामुळे सूर्याच्या बाबतीत ‘ग्रहण’ हाच शब्द राहिला. चंद्राने तारा किंवा ग्रह पूर्ण झाकला, की मराठीत पिधान म्हणतात. शुक्रासारखे लहान बिंब सूर्यबिंबावरून सरकते, तेव्हा ते अधिक्रमण.

ज्येष्ठेप्रमाणेच रोहिणी, मघा आणि चित्रा हे ठळक तारेही चंद्राच्या वाटेवर येतात. शुक्ल पक्षात दुर्बिणीतून पाहिले, तर चंद्राची न उजळलेली कड ताऱ्याकडे सरकत जाते आणि तारा मंद न होता एकदम नाहीसा होतो, कारण चंद्राला प्रकाश हळूहळू मंदावणारे वातावरण नाही आणि ताऱ्याचे बिंब आपल्याला केवळ बिंदूएवढे दिसते. साधारण तासाभरात तो उजळ कडेकडून पुन्हा बाहेर पडतो. युरेनसभोवतीची कडी 1977 साली सापडली तीही पिधानामुळेच : ग्रह ताऱ्यासमोर येण्याच्या आधी आणि नंतरही ताऱ्याचा प्रकाश क्षणभर अनेकदा घटला होता.

हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘चंद्राने ज्येष्ठेचे पिधान केले’ किंवा ‘ज्येष्ठेचे पिधान झाले’ अशी वाक्यरचना करावी. ‘युती’ म्हणजे नुसते जवळ येणे. तारा प्रत्यक्ष झाकला जाणार असेल, तेव्हाच ‘पिधान युती’ लिहावे.