पहिल्यांदाच गरम पाण्याची कुंडं बघायला जाताय?
मग वज्रेश्वरीची गर्दी सोडा आणि सरळ रत्नागिरीच्या संगमेश्वर तालुक्यात या, आरवली, तुरळ, राजवाडी तिन्ही एका दिवसात आरामात होतात. थंडीत भल्या पहाटेच जा, पाण्यावर वाफ तरंगत असते आणि गंधकाचा तो उकडलेल्या अंड्यासारखा वास, पहिली पाच मिनिटं नकोसा वाटतो मग सवय होते. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही हां, पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. एकदम उडी मारू नका, आधी पायावर तांब्याभर घ्या. चांदीची अंगठी, पैंजण घरीच ठेवा, माझी काळी पडली होती. आणि साबण प्लीज नको, जीव तुटतो बघून. वेळ असेल तर दापोलीजवळचं उन्हवरे गावचं गरम कुंड पण कराच.